झेब्राफिश म्हणजे छोटा माणूस नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

विषशास्त्रातल्या प्रारूप-जीवांवरच्या, म्हणजे माणसाऐवजी ज्यांच्यावर विषाचा परिणाम तपासतात त्या प्राण्यांवरच्या, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. थॅलिडोमाइडने प्राण्यांवरच्या चाचण्या कुचकामी ठरवल्या, असं तुम्ही म्हणता. एकाच विषाने गिनीपिग मरतो आणि हॅमस्टर जगतो, मग त्यावरून माणसाचं काय कळणार, असं विचारता. आणि पेशींवर तपासण्या करता येत असताना जिवंत जिवांचे हाल कशाला, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण थॅलिडोमाइडपासून सुरुवात करतो, कारण हे उदाहरण बहुतेक वेळा अर्धवट सांगितलं जातं.

थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध पश्चिम जर्मनीत 1957 साली विक्रीला आलं आणि नोव्हेंबर 1961 मध्ये मागे घेतलं गेलं. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्यापायी जगभरात 10 हजारांहून अधिक बाळं व्यंग घेऊन जन्मली. पण विक्रीआधी ते गाभण प्राण्यांना देऊन पाहिलंच नव्हतं. जी चाचणी झालीच नाही तिला नापास कसं म्हणायचं? आता तुमच्या बाजूचंही सांगतो. ही चाचणी फक्त उंदरांवर झाली असती तर फारसं काही दिसलं नसतं. सशात आणि माकडात मात्र दिसतं. म्हणूनच गर्भावरचा परिणाम तपासताना छोटा उंदीर (माऊस) किंवा मोठा उंदीर (रॅट) यांच्या जोडीला दुसरा प्राणी, बहुधा ससा, घ्यायची पद्धत रूढ झाली. हे औषध पेशीत नेमकं कशाला चिकटतं, ते 2010 मध्ये कळलं: सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला. त्या शोधात कोंबडीच्या भ्रूणांसोबत झेब्राफिश या छोट्या माशाची भ्रूणं होती. तुम्ही ज्याला 'मत्स्यालयातलं खेळणं' म्हणालात, तोच हा मासा.

गिनीपिग आणि हॅमस्टरचं म्हणाल, तर तुमची माहिती अचूक आहे. टीसीडीडी हे डायॉक्सिन गटातलं जहाल विषारी रसायन गिनीपिगला किलोमागे एक-दोन मायक्रोग्रॅममध्ये मारतं. प्रौढ हॅमस्टरला त्याच्या हजारपट द्यावं लागतं. पण गाभण हॅमस्टरमध्ये पाहिलं तर चित्र बदलतं. आईला काहीच होत नाही अशा मात्रेत पिल्लांवर परिणाम होतो, आणि ती मात्रा इतर प्राण्यांच्या पिल्लांना बाधणाऱ्या मात्रेपासून फार दूर नसते. म्हणजे हजारपटीचा तो फरक 'प्रौढ प्राणी कितीने मरतो' या एकाच प्रश्नापुरता आहे. प्रारूप-जीव निवडताना आधी प्रश्न ठरवावा लागतो, हेच मला मूळ लेखात म्हणायचं होतं.

डायॉक्सिन हृदयाचं काय करतं, हा प्रश्न घ्या. झेब्राफिशचं भ्रूण पारदर्शक असतं. फलनानंतर साधारण 24 तासांत हृदय धडकू लागतं. दोन दिवसांच्या भ्रूणात सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कप्पे आणि त्यांतून पुढे सरकणाऱ्या रक्तपेशी कापाकापी न करता दिसतात. डायॉक्सिन दिलेल्या भ्रूणात हृदयाभोवती पाणी साठतं, हृदय लांबट आणि बारीक होत जातं, रक्ताचा वेग पडतो. आणि एएचआर-2 हा ग्राही, म्हणजे डायॉक्सिन ज्याला चिकटतं ते पेशीतलं प्रथिन, तयारच होऊ दिला नाही, तर तेच विष देऊनही भ्रूण बऱ्याच अंशी वाचतं. म्हणजे विष कोणत्या दारातून आत शिरतं ते समजलं. त्या जातीचा ग्राही माणसातही आहे. माणसाला किती मात्रा बाधेल, हे मात्र या माशावरून कोणीही ठरवत नाही आणि ठरवूही नये.

आता हालांबद्दल. निम्मे प्राणी किती मात्रेने मरतात ते शोधणारी एलडी-50 चाचणी 1927 पासून चालत आली. रसायनांच्या चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या ओईसीडी या देशांच्या संघटनेने तिची जुनी पद्धत थेट 2002 मध्ये रद्द केली. प्राणी टाळा, कमी वापरा, त्रास कमी करा, हे रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 मध्येच मांडलं होतं. मधली 40 वर्षं मला अक्षम्य वाटतात. युरोपीय नियमांत झेब्राफिशचं पिल्लू स्वतः खाऊ लागेपर्यंत, म्हणजे साधारण पाच दिवसांपर्यंत, संरक्षित प्राण्यांत मोडत नाही. ही रेघ माणसाने आखलेली आहे. तिच्या अलीकडे वेदना अजिबात नसते, असं मी म्हणणार नाही.

पेशींवरच्या तपासण्या जिथे पुरतात तिथे त्याच वापराव्यात. त्वचेचा दाह तपासायला प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी त्वचा आहे, त्यासाठी ससा लागू नये. पण मिथेनॉल पाहा. ते स्वतः फारसं विषारी नसतं. यकृत त्याचं फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं, आणि ते आम्ल दृष्टिचेतेवर, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर, घाला घालतं. विष तयार होतं एका अवयवात, आंधळेपण येतं दुसऱ्यात. नुसत्या डोळ्याच्या पेशींवर मिथेनॉल टाकलं तर हे कसं दिसणार? साध्या उंदरातही दिसत नाही, कारण तो फोलेट या जीवनसत्त्वाच्या जोरावर ते आम्ल झपाट्याने निकालात काढतो. माणसाला ते तितकं जमत नाही. शेवटी उंदरांच्या आहारातलं फोलेट काढून घेतलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर माणसासारखा परिणाम दिसला.

यकृत आणि डोळा दोन्ही जोडून हे दाखवणारी पेशी-पद्धत तुमच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा. आम्ल साठण्याचा वेग त्यात कसा राखला आहे, ते मला समजून घ्यायचं आहे.