केरळचा पूर आणि ‘चर्च फक्त प्रार्थना करतं’ हा मेसेज

कुठे पूर आला, दरड कोसळली की एक मेसेज हमखास फिरतो. चर्चवाले संकटात हात जोडून बसतात. मदत केलीच तर आपल्याच माणसांना. पैसा परदेशातला आणि हेतू धर्मांतराचा. २०१८ च्या केरळच्या पुरात काय झालं ते बऱ्यापैकी नोंदलेलं आहे, म्हणून हे आरोप त्याच पुरावर तपासू.

आधी ‘नुसती प्रार्थना’. त्या ऑगस्टच्या मध्यावर पंपा, पेरियार, चालकुडी या नद्या एकदमच फुगल्या. चेंगन्नूर, आरन्मुळा, आलुवा या भागांत लोक माडीवर, छपरावर अडकले. तेव्हा तिरुवनंतपुरम आणि कोल्लमच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून निघाले. त्यांत बरेच लॅटिन कॅथलिक, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या एका पंथाचे होते. पूंतुरा, विळिंजम अशा गावांत धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीची ख्रिस्ती वस्ती, ही केवळ रविवारच्या मिस्सेपुरती, म्हणजे प्रार्थनाविधीपुरती नसते. गावाला निरोप द्यायचा तर तो चर्चमधून जातो, आणि त्या वेळीही फादरांनी लोकांना तसंच बोलावलं. सरकारी आकड्यानुसार साडेचार हजारांवर मच्छीमारांनी ६६९ होड्यांतून सुमारे ६५ हजार माणसं बाहेर काढली. नऊच महिन्यांपूर्वी ओखी वादळात याच किनाऱ्यावरची माणसं समुद्रात बुडाली होती, इशारा उशिरा मिळाला म्हणून वस्त्या सरकारवर संतापलेल्या होत्या. तरी हे मच्छीमार मदतीला धावले. होडीमागे दिवसाला ३ हजार रुपये सरकारने जाहीर केले, तेही काहींनी उघडपणे नाकारले.

सगळं श्रेय मात्र चर्चच्या खात्यात टाकू नये. मलप्पुरमचे मुसलमान मच्छीमार होते, धीवर समाजातले हिंदू होते.

‘आपल्याच माणसांना’ हा आरोप तर पाण्यातच टिकत नाही. चेंगन्नूरच्या आसपास हिंदू आणि ख्रिस्ती घरं एकमेकांना लागून आहेत. काळोखात छपरावरून हाक आली की होडीवाला नाव विचारत बसत नाही.

धर्मांतराचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. ही शंका हवेतून आलेली नाही. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी उपाशी मुली केडगावच्या आपल्या ख्रिस्ती आश्रमात आणल्या, त्यांचे जीव वाचवले, आणि त्यांतल्या अनेकजणी पुढे ख्रिस्ती झाल्या. आईबाप गमावलेल्या मुलीपुढे निवड कितीशी असते, हा प्रश्न रास्तच आहे. पण केरळच्या छावण्या ही वेगळी गोष्ट होती. त्या महसूल खात्याच्या देखरेखीखाली चालत, नोंदवही आणि शिधा सरकारी. चर्चचा हॉल असो, शाळा असो की मदरसा, जागा त्यांची, छावणी सरकारची. दहा लाखांहून अधिक माणसं अशा छावण्यांत होती आणि पाणी ओसरल्यावर बहुतेकजण घरचा चिखल काढायला परतले. तिथे धर्मांतर झालं म्हणणाऱ्याने गाव आणि छावणी सांगावी.

परदेशी पैसा? येतो. कॅरिटास इंडिया या कॅथलिक चर्चच्या मदतसंस्थेसारख्या संस्था तो घेतात आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. परदेशी देणगीला केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते, दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा करावी लागते, आणि दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. शिवाय होड्या परदेशातून आल्या नव्हत्या. एंजिनं मच्छीमारांचीच, काहींची तर कर्जावरची.

चर्चला जाब विचारायचाच असेल तर तो पुनर्वसनाचा विचारा. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये मुंडक्कै, चूरलमला ही गावं दरडीखाली गेली, तेव्हा केरळच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १०० घरं बांधून देण्याचं जाहीर केलं. त्यांतली किती उभी राहिली, कुणाला मिळाली, जागा कुठली, ही यादी मागण्याचा हक्क तिथल्या प्रत्येक दरडग्रस्ताला आहे, मग तो कुठल्याही धर्माचा असो.