पडक्या भिंतीचा फोटो छान येतो

काही महिन्यांपूर्वी मी घरच्या ग्रुपवर मोनॅडनॉकच्या भिंतीचा फोटो टाकला. शिकागोच्या मध्यवस्तीतली ही सोळा मजली इमारत. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ सालचा, आणि त्याच्या बाहेरच्या भिंती विटांच्याच जोरावर सगळा भार पेलतात. म्हणून तळाशी त्या सहा फूट जाड आहेत. खिडकी एखाद्या किल्ल्याच्या तटातल्या बंदुकीच्या भोकासारखी खोल आत बसलेली दिसते. थंडीतलं तिरपं ऊन त्या खोबणीत पडलं होतं. फोटो बरा आला होता, नाही असं नाही.

पाच मिनिटांत काकांचं उत्तर आलं. "बघा! सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी कशी जपलीय. नाहीतर आपण." काकांना "नाहीतर आपण"च्या पुढे क्रियापद लागत नाही, पूर्णविराम पुरतो.

मग गिरगावातल्या मामेभावाने लिहिलं, "ताई, मस्त. आमच्या भिंतीचाही काढून ने. जाड नाही, पण ओली आहे."

पुढे दोन दिवस ग्रुपवर जे झालं ते मुंबईबाहेरच्यांना थोडं समजावून सांगावं लागेल. मामाची चाळ लाकडी, स्वातंत्र्याआधीची, उपकरप्राप्त, म्हणजे जिच्या दुरुस्तीसाठी सरकार उपकर घेतं अशी. पुनर्विकासाला सगळ्यांनी संमती दिलेली, खोल्या रिकाम्या करायची तारीख ठरलेली. एक बाजू म्हणते, गिरगाव संपलं, कठडे गेले, गणपती गेला, आता काचेचे मनोरे येणार. दुसरी बाजू म्हणते, तुम्ही संडासाच्या रांगेत उभं राहून दाखवा, मग बोला. पहिल्या बाजूची बहुतेक माणसं गिरगावात राहत नाहीत. मी तर त्यांच्यात सर्वांत लांब, शिकागोत राहते.

हा वाद आमच्याच घरातला नाही. २०१२ मध्ये महापालिकेने वारसा यादीत नव्या इमारती आणि परिसर घालायचा प्रस्ताव आणला, तेव्हा शिवाजी पार्कसारख्या ठिकाणी रहिवासीच विरोधात उभे राहिले होते. वारसा ठरलो तर घराला हात लावता येणार नाही, ही भीती. मला तेव्हा इथे बसून वाटलं होतं, काय ही माणसं, मान मिळतोय तर नको म्हणतात! आज तसं वाटत नाही, आणि त्याला कारण शिकागोच आहे.

इथे आले तेव्हा माझाही समज काकांसारखाच होता, की ही माणसं मुळातच जुन्याची कदर करणारी. शनिवार-रविवार कॅमेरा घेऊन हिंडायचे. रुकरी इमारतीचा काचेच्या छताचा चौक, मरीना सिटीचे कणसासारखे दोन मनोरे, नदीच्या पुलांवरून दिसणारी उंच इमारतींची रांग. ऑक्टोबरमधल्या एका शनिवार-रविवारी कितीतरी इमारतींची एरवी बंद असलेली दारं लोकांसाठी फुकट उघडतात, तेव्हा तर सकाळी सातला घराबाहेर पडायचे. मग हळूहळू ज्या इमारती दिसत नव्हत्या त्यांच्याबद्दल वाचायला लागले.

जगातल्या पहिल्या गगनचुंबी इमारतींत जिचं नाव घेतात ती होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ ची. याच शहराने ती १९३१ मध्ये पाडली. लुई सलिव्हन आणि डँकमार अ‍ॅडलर या वास्तुरचनाकारांचं गॅरिक थिएटर १९६१ मध्ये पाडलं, तिथे गाड्या उभ्या करायला बहुमजली वाहनतळ बांधला. त्याच दोघांची १८९४ ची स्टॉक एक्स्चेंजची इमारत १९७२ मध्ये गेली. वारशाच्या आयोगाने ती वाचवा म्हणून शिफारस केली होती. नगर परिषदेने हिशेब केला, मालकाला द्यायची भरपाई परवडेना, आणि शिफारस बाजूला ठेवली. काका, "नाहीतर आपण" इथेही चालू होतं.

या पाडापाडीत एक माणूस कॅमेरा घेऊन फिरत होता, रिचर्ड निकेल. विद्यार्थी असताना सलिव्हनच्या इमारतींचे फोटो काढायचं काम हाती आलं आणि ते आयुष्यभर सुटलं नाही. गॅरिक पाडू नका म्हणून तो फलक घेऊन रस्त्यावर उभा राहिला. ते जमेना तेव्हा पाडकाम चालू असताना आत शिरून फोटो काढायचा, मापं घ्यायचा, नक्षीचे तुकडे उतरवून घरी न्यायचा. एप्रिल १९७२ मध्ये स्टॉक एक्स्चेंजच्या अर्धवट पाडलेल्या इमारतीत तो असाच गेला आणि वरचा भाग कोसळला. प्रेत सापडायला जवळजवळ चार आठवडे लागले. वय ४३.

त्या इमारतीची प्रवेशकमान आज आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाच्या मागच्या अंगाला, मन्रो आणि कोलंबस रस्त्यांच्या कोपऱ्यावर नुसतीच उभी आहे. मागे इमारत नाही, पुढे दार नाही. आपल्याकडून आलेली पाहुणेमंडळी याच संस्थेच्या पुढच्या बाजूला, मिशिगन अव्हेन्यूवर, फोटो काढतात, कारण १८९३ च्या धर्म परिषदेत विवेकानंद तिथे बोलले. मी पाहुण्यांना आता कमानीपर्यंतही चालवत नेते. बहुतेकांना ती कशाची आहे ते सांगावं लागतं आणि सांगितल्यावर ते विचारतात, "मग ठेवली कशाला?" हा प्रश्न मला अजून नीट सोडवता आलेला नाही.

जे वाचलं ते प्रेमाने वाचलं असं म्हणायला मी तयार नाही. प्रेम निकेलकडे होतं, त्याने इमारत वाचली नाही. मोनॅडनॉक वाचली कारण १९७९ नंतरच्या मालकांनी हातात पैसा येईल तसतशी ती मजल्यामजल्याने पूर्ववत केली आणि खोल्या कार्यालयांना बाजारभावाने भाड्याने दिल्या. रिलायन्स बिल्डिंग, १८९५ ची, जवळपास सगळी काचेची, अनेक वर्षं भकास पडून होती. शहराने पैसा घातला, १९९९ मध्ये तिचं हॉटेल झालं, तेव्हा ती उजळली. शिवाय उत्पन्न देणारी ऐतिहासिक इमारत नियमाने दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय करातून वळती होते. म्हणजे जुनी इमारत राखणं हा मालकाचा त्याग राहत नाही, व्यवहार होतो.

आता गिरगाव पाहा. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते भाडेकरूंसाठी गरजेचंच होतं, पण पुढे दशकानुदशकं ती तशीच राहिली. महिन्याचं भाडं चहाच्या खर्चाएवढं झालं तेव्हा मालकाने डागडुजी सोडून दिली. १९६९ पासून उपकर घेऊन दुरुस्ती करायला सरकारी मंडळ आलं. त्याच्या टेकूंवर निम्मं जुनं शहर उभं आहे, आणि ते टेकू हंगामी म्हणून लावलेले. टेकू लावलेल्या गॅलरीतून आमची पिढी लहानाची मोठी झाली. भेंडी बाजारात २०१७ मध्ये आणि डोंगरीत २०१९ मध्ये पावसाळ्यात इमारती कोसळून माणसं मेली. तिथल्या मालकाला जुनं राखण्यात कुठेच व्यवहार ठेवलेला नाही. व्यवहार आहे तो पाडण्यात, जास्तीच्या चटईक्षेत्रात, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायच्या परवानगीत. मग माणसं पाडणार नाहीत तर काय करतील?

आणखी एक गोष्ट काकांना सांगितली, ती त्यांना आवडली नाही. शिकागोने कॅब्रिनी-ग्रीनसारख्या गरिबांच्या सरकारी उंच वसाहती पाडल्या, तिथला शेवटचा मनोरा २०११ मध्ये गेला. अनेक कुटुंबांच्या हाती भाड्याच्या मदतीची चिठ्ठी आली आणि ती शहरभर पांगली. मामाला मात्र कायद्याने त्याच जागी घर मिळायचं आहे, किमान ३०० चौरस फुटांचं, मालकीचं. बिल्डर वेळेवर देईल का, तोवर बाहेर राहायचं भाडं थकवेल का, हे प्रश्न खरेच आहेत. पण पाडणाऱ्याने त्या जागेतल्या माणसाला तिथेच परत आणलं पाहिजे ही अट आपल्याकडे आहे. तिचा मला अभिमान वाटतो, वारसा यादीपेक्षा थोडा जास्तच.

मग मुंबईत मला खुपतं काय? पाडणं नाही. न पाहता पाडणं, आणि पाडायचंही नाही नि राखायचंही नाही असं लटकवून ठेवणं. काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल हे त्याचं उदाहरण. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला आणि १८६० च्या दशकात मुंबईत जोडून उभा केला. होम इन्शुरन्सच्या जवळजवळ दोन दशकं आधी! १८९६ च्या जुलैमध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं आपल्याकडे पहिल्यांदा दाखवली ती याच इमारतीत. २००६ मध्ये ती जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत होती, २०१९ मध्ये रिकामी केली. शिकागोने आपली आद्य इमारत पाडून टाकली आणि आता तिच्या नावाने हळहळते. आपल्याकडची अजून उभी आहे. शिकागोतले वास्तुवेडे मित्र मला विचारतात, तू ती पाहिलीस का? मी रस्त्याच्या पलीकडून पाहिली आहे, एवढंच सांगते.

फोटो काढण्याबद्दल आपल्याकडे एक गंमत आहे. शिकागोत पदपथावरून कुठल्याही इमारतीचा फोटो बिनदिक्कत काढता येतो, तसा कायदाच आहे. पण ती मुभा इमारतींपुरती, शिल्पांना नाही. मिलेनियम पार्कमधलं मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं चकचकीत 'बीन' धंद्यासाठी टिपायचं तर परवानगी लागते. आपला १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा याहून उदार आहे. इमारत तर टिपाच, सार्वजनिक जागी कायम उभं असलेलं शिल्पही टिपा, हरकत नाही. कागदावर आपण पुढे! आणि फोर्टमध्ये पदपथावरून एका कचेरीच्या कमानीकडे कॅमेरा रोखला की शिट्टी वाजते. "मॅडम, फोटो अलाउड नाही." का नाही, ते शिट्टीवाल्यालाही माहीत नसतं. माझ्या हातात मोबाइल असता तर त्याने मान वर करून पाहिलंही नसतं. त्याचा आक्षेप भिंगाच्या लांबीला असतो.

तरीही मुंबई टिपायला शिकागोपेक्षा मनमिळाऊ शहर आहे हे मी कुणालाही सांगेन. शिकागोच्या रस्त्यात इमारत एवढी अंगावर येते की मान मोडते. कॅमेरा वर केला की उभ्या रेषा आत झुकतात आणि मनोरा पाठीवर पडतोय असं दिसतं. त्या सरळ करायला वेगळं महागडं भिंग लागतं किंवा घरी येऊन संगणकावर खटाटोप करावा लागतो. जानेवारीत बॅटरी तासाभरात मान टाकते. ओव्हल मैदानावर असलं काही नाही. मधोमध उभं राहा. सकाळी पश्चिमेकडे तोंड केलं की आर्ट डेकोच्या इमारतींवर समोरून ऊन, संध्याकाळी नुसतं मागे वळलं की राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय सोनेरी. एका मैदानाच्या दोन बाजूंना दोन शतकं, आणि मध्ये पोरं क्रिकेट खेळतायत. युनेस्कोने २०१८ मध्ये या सगळ्याला जागतिक वारसा म्हटलं. चेंडू लागेल एवढं सांभाळावं.

डिसेंबरात मी गेले तेव्हा मामाकडची आवराआवर सुरू होती. तिपाई, मोठं भिंग, सगळं घेऊन गेले होते. निकेल डोक्यात होताच. कोरीव लाकडी ब्रॅकेट, गॅलरीचा कठडा, वरच्या मजल्यावरून दिसणारा चौक, खिडकीची रंगीत काच, पोटमाळ्याची शिडी. मोजपट्टीने कठड्याची उंचीसुद्धा घेतली. मोरीचा फोटो काढायला लागले तर मामी धावत आली. "अगं, तिचा कशाला? थांब, भांडी तरी उचलू दे." मी म्हटलं भांडी असू दे. तिला ते अजिबात पटलं नाही. पाहुणीने घराची लक्तरं टिपून परदेशात नेऊन दाखवायची, असं तिला वाटलं असणार, आणि खरं सांगायचं तर माझ्या जुन्या फोटोंपैकी निम्मे तसेच आहेत. पोपडे उडालेली भिंत, उन्हात वाळणारी चादर, खाली मांजर. इथल्या मित्रांना ते फार आवडतात. पोपड्यांमागची ओल फोटोत येत नाही.

शेवटी मामीने भांडी उचलली, मी फोटो काढला. मग तिने तीच भांडी परत ठेवली, मी परत काढला. दोन्ही ठेवलेत.

ग्रुपवरचं भांडण नेहमीसारखं कुणाच्या तरी वाढदिवसात बुडून गेलं. मामाचं कुटुंब आता कांदिवलीला भाड्याने राहतं. परवा मामेभावाने एकट्या मला फोटो पाठवला. पत्र्यांची आडोशाची भिंत, तिच्यावर मनोऱ्याचं चित्र, मागे जेसीबीचा पिवळा हात आणि आभाळ. खाली लिहिलं होतं, "ताई, बघ, आता सरळ करायला एकही उभी रेष नाही."

मी हसण्याचं चिन्ह पाठवलं. थोड्या वेळाने त्याचाच निरोप आला. "तुझ्याकडे जिन्याचा आहे का ग? आपण बसायचो तो, दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचा."

तीनशे बारा फोटो होते. सगळे दोनदा पाहिले. जिना अंधारा होता, म्हणून काढला नव्हता.