उधारखात्यातली माणसं

पाच वर्षं झाली, मी मेलेल्या माणसांना नावं देतेय आणि जिवंत नातेवाईक मला नावं ठेवतायत.

"जुन्या फोटोग्राफरच्या संग्रहावर पीएचडी म्हणजे काय गं? फोटो त्याने काढले, मग तू काय काढतेस?" हे मामा भेटेल तेव्हा विचारतो. प्रश्न बिनतोड आहे. आजवर तरी मी प्रामुख्याने धूळ काढलेली आहे.

आमचा फोटोग्राफर एकोणिसाव्या शतकातला. पोर्ट्रेट काढून पोट भरायचा आणि मागे हजारो काचेच्या निगेटिव्ह ठेवून गेला. पहिल्या दिवशी मी पांढरे सुती हातमोजे घालून ऐटीत हजर झाले. अभिलेखागारातल्या बाईंनी ते आधी काढायला लावले. सुती मोज्यातून काच सटकते म्हणे. मग निळे रबरी मोजे चढवून, श्वास रोखून, एकेक काच लाइट टेबलवर ठेवायची. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे आणि केस पांढरे. दिवसभर ही भुतावळ पाहून घरी गेलं की नवऱ्याचे काळे केस काहीतरी बिघडल्यासारखे वाटतात.

दुसऱ्या वर्षी मी एक भन्नाट प्रकरण लिहिलं. फोटोंतल्या इतक्या बायका काळ्या कपड्यांत का? साथ? युद्ध? सार्वत्रिक वैधव्य? चाळीस पानं दुःखाने ओथंबलेली. गाइड मॅडमनी ती शांतपणे वाचली आणि समासात लिहिलं, "कलोडियन!" १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने जी ओल्या कलोडियनची (म्हणजे काचेवर ओतायच्या एका चिकट द्रावणाची) फोटो काढायची पद्धत जगापुढे आणली, तिला निळा रंग चटकन दिसतो, पण लाल-पिवळा जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे माझ्या त्या शोकाकुल बायका लालभडक आणि हळदीसारख्या पिवळ्याधमक कपड्यांत नटूनथटून बसलेल्या असू शकतात. प्रकरण बाद. (पानं पाठकोरी आहेत. यादी करायला बरी पडतात.)

एका बाळाच्या फोटोखाली तर मी 'खुर्ची, नक्षीदार आच्छादनासह' अशी नोंद केली होती. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की खुर्चीला बोटं आहेत. प्लेटला काही सेकंद प्रकाश द्यावा लागे, तेवढा वेळ बाळ हलू नये म्हणून आई स्वतःवर कापड ओढून त्याला धरून बसायची. एका आईचं मी फर्निचर केलं होतं.

पण खरा छळ नावांचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात एक क्रमांक कोरलेला असतो. तोच क्रमांक असलेली वही एका खोक्याच्या तळाशी सापडली, तेव्हा मी तळघरात एकटीच नाचले. घरी येऊन वही उघडली... म्हणजे तिचे स्कॅन उघडले, वही कोण घरी नेऊ देतंय! नोंदी अशा: 'बाई, रोख.' 'गृहस्थ, रोख.' 'बाई, रोख.' 'मूल, हललं, पुन्हा.' १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच प्लेटवर अनेक छोटे फोटो घ्यायच्या युक्तीचं पेटंट घेतलं, फोटो स्वस्त झाले आणि स्टुडिओंत रीघ लागली. त्या रेटारेटीत नावं कोण विचारणार? पैसे मिळाले, विषय संपला.

अपवाद एकच. ज्यांनी पैसे दिले नाहीत ते. त्यांचं संपूर्ण नाव, पत्ता, धंदा, कबूल केलेली तारीख, पहिला तगादा, दुसरा तगादा, 'नोकर म्हणतो बाहेरगावी', आणि पुढच्याच ओळीत 'नोकर खोटं बोलतो'. एका महाभागाची तर वहीत अडीच पानं आहेत. आईवडिलांनी लिहिलं असतं तरी त्याचं इतकं तपशीलवार चरित्र झालं नसतं.

माझा अख्खा प्रबंध आता या लोकांवर उभा आहे. मॅडम म्हणाल्या, "तुझा नमुना एकांगी आहे. यात सगळे बुडवेच आहेत."

"मॅडम, बाकीच्यांनी पुरावाच ठेवला नाही."

एक बाई मात्र मला सोडवत नाही. मानेमागे लोखंडी आधार लावून सगळे लाकडासारखे बसलेले असताना हिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हललाय, अस्पष्ट झालाय. हसू दाबताना सापडलीय. आठ महिने तिचं नाव शोधतेय. वहीत दोनच शब्द, 'बाई, रोख.' अगं, शेवटचा एक हप्ता तरी थकवायचास!

परवा मैत्रिणीचा फोन आला. विभागाच्या फलकावर थकीत शुल्काची यादी लागली होती आणि माझं नाव पहिलं होतं. मधल्या नावासकट, नोंदणी क्रमांकासकट, पत्त्यासकट, एकही अक्षर न चुकता.

"अगं, भरून टाक ना, सगळे बघतायत," ती म्हणाली.

पैसे खात्यात आहेत. भरेन. घाई काय आहे?