आधी टीव्ही कुणाचा ते ठरवा

सांगलीत राहून प्लेस्टेशन घ्यावं की गेमिंग पीसी, या प्रश्नावर तुमची झोप उडाली असेल तर अभिनंदन. दहावीनंतर कुठल्या शाखेला जायचं यावर तुम्ही एवढा विचार केला नव्हता.

टेराफ्लॉप, फोर-के, १२० फ्रेम हे सगळं बाजूला ठेवा. प्लेस्टेशन हा कन्सोल, तो टीव्हीला लागतो, टीव्ही हॉलमध्ये असतो आणि संध्याकाळी सातपासून हॉल आजीचा असतो. म्हणजे तुमचं फोर-के रात्री अकरानंतर, तेही आवाज बंद करून. मॉनिटरलाही जोडता येतो म्हणा, पण त्याचे पैसे मागायला गेलात की "घरात एवढा मोठा टीव्ही हाय की" हे ऐकावं लागेल.

पीसीचं तसं नाही. पीसी हे शैक्षणिक साधन आहे. वडील विचारतील, "ह्यात जीएसटीचं रिटर्न भरता येतंय का?" छातीठोकपणे "होय की" म्हणा. फक्त काचेचं कॅबिनेट आणि आत सप्तरंगी दिवे घेऊ नका. जो माणूस मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि मगच भाव बोलतो, त्याला काचेआडचा माल कळत नाही असं समजू नका. शिवाय एकदा "होय की" म्हणालात की निभवावं लागतं. दर महिन्याच्या २० तारखेच्या आधी दुकानातले दिवाणजी तुमच्या खुर्चीत बसतील आणि रे ट्रेसिंगच्या, म्हणजे गेममधला उजेड-सावली खरीखुरी दाखवणाऱ्या, त्या महागड्या ग्राफिक्स कार्डावर टॅली उघडतील. टॅली मात्र अजिबात अडकत नाही, एवढं समाधान.

पीसी आला म्हणजे लगेच खेळायचं असतं, हा गैरसमज नवख्यांचा. खरा पीसीवाला सेटिंगमध्ये रमतो. गेममधल्या सावल्यांचा दर्जा अल्ट्रावरून हायवर आणायचा, सेकंदाला चार फ्रेम वाढल्या की समाधानानं मान हलवायची, ड्रायव्हर अपडेट करायचा, त्या चार फ्रेम परत गमवायच्या. यात रात्रीचे दोन वाजतात. गेम उद्या.

आणि संयम हवा. जीटीए ५ हा गेम कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ साठीही पीसीवाले वर्षभर थांबलेच. अशा काळात "पीसीवर ग्राफिक्स बघ कसलं येतंय" असं म्हणत विश्रामबागेतल्या कन्सोलवाल्या मित्राकडे भडंगाचा पुडा घेऊन जायचं आणि दुसरा कंट्रोलर मागायचा.

तो मित्र सुखात आहे असं मात्र समजू नका. विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर बहुतेक वेळा त्याला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी वेगळी भरावी लागते. पीसीवर असलं भाडं नाही. त्याच्याकडे डिस्क असते, खेळून झाली की विकता येते, हा त्याचा एकमेव व्यापारी गुण. पण चार पैसे वाचवायला त्यानं डिस्क ड्राइव्ह नसलेला डिजिटल कन्सोल घेतला असेल, तर तोही गेला. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले गेम तुम्हालाही विकता येत नाहीत. तुम्ही ते सेलमध्ये, स्वस्त पडले म्हणून घेता आणि उघडून बघत नाही, ही गोष्ट निराळी.

भाव उतरेपर्यंत थांबू म्हणाल, तर २०२१ आठवा. क्रिप्टोच्या खाणकामानं, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर आभासी नाणी पाडण्याच्या धंद्यानं, त्या कार्डांचे भाव आभाळाला भिडवले होते. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आला, आणि पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्यांनाही मिळेना. सगळ्यात जास्त बचत त्याच वर्षी झाली.

आता मुहूर्त. मार्चअखेर विषय काढू नका. लक्ष्मीपूजनाला तर तोंडच उघडू नका, त्या दिवशी घरातला पैसा उंबऱ्याबाहेर जात नाही. पाडव्याला सकाळी, आंघोळ करून, पाया पडून विचारा. वडील हसून हो म्हणतील आणि नव्या वहीत पहिली उधारी तुमच्या नावावर मांडतील.