‘एवढंसं तळं, फुटून फुटून काय होणार?’

आठवडाभर नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात रिसॉर्टवाल्यांनी बोटिंगसाठी बांध घालून केलेली तळी धरण सुरक्षा कायद्यात बसत नाहीत, म्हणजे सरकारनेच ती सुरक्षित मानलीत. फुटलंच तर गुडघाभर पाणी. आणि बांधावर झाडं लावली की माती धरून राहते. वर आमंत्रण: ‘श्रावणात या, तळं काठोकाठ असतं.’

कायद्याची गोष्ट अर्धीच खरी. २०२१ च्या कायद्यात १५ मीटरहून उंच धरणं सरसकट येतात. १० ते १५ मीटरची येतात ती लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर अशी एखादी अट पुरी केली तर. ही नुसती चाळणी आहे. खाली पडलेल्याला कुणी प्रमाणपत्र देत नाही. उलट वगळलेल्या धरणांच्या मालकांनीही सुरक्षेचे उपाय करायचेत, असं त्याच कायद्यात लिहिलंय.

आता ते ‘गुडघाभर’. एक हेक्टरचं, सरासरी ३ मीटर खोल तळं धरा. ३ कोटी लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे ३,००० टँकर. भराव फुटला की ते खालच्या ओहोळात एकदमच सुटणार. अमेरिकेत जॉर्जियातला केली बार्न्स बांध जेमतेम १२ मीटरचा, वर सहलीचं तळं. नोव्हेंबर १९७७ मध्ये पावसात मध्यरात्रीनंतर तो फुटला आणि खालच्या कॉलेजच्या आवारात ३९ जण गेले. आपल्याकडे २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, ते फार जुनं नाही. तेही लघु पाटबंधाऱ्याचंच धरण, आणि गळतीची तक्रार गावाने आधीच केली होती.

झाडांचं तर उलटंच आहे. मूळ कुजलं की भरावात पोकळी राहते आणि पाझराला आयती वाट मिळते. वादळात झाड उपटलं तर मातीचा लचका घेऊनच जातं. झुडपांच्या आड घुशीची बिळंही दिसत नाहीत. भरावावर हरळी हवी, आंबा नव्हे.

गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की क्युसेकचा आकडा जाहीर होतो, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हे अख्खं नाशिक विचारतं. रिसॉर्टच्या तळ्याखाली झोपलेल्या वाडीला कोण सांगणार? राज्याची धरण सुरक्षितता संघटना आपल्या नाशकातच आहे. निदान सल्ला मागायला तरी लांब जायला नको.

राहिलं ते ‘काठोकाठ’. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट, असतो तो पाणी बांधाच्या माथ्याला लागू नये म्हणूनच. १८८९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्सटाउनच्या वर श्रीमंतांच्या क्लबचं मासेमारीचं तळं फुटलं, २,२०९ माणसं मेली. मासे पळू नयेत म्हणून क्लबने सांडव्याला जाळी ठोकली होती, त्यात पुराचा काडीकचरा अडकला. गेल्या पावसाळ्यात इकडच्याच एका तळ्यावर मी अगदी तशीच जाळी पाहिली. विचारलं तर मॅनेजर म्हणाला, “साहेब, राहू मासा महाग पडतो.”