तबकडी कधी 'नाही' म्हणत नाही

शून्यानं भागायला सांगितलं तर साधा कॅल्क्युलेटरसुद्धा 'एरर' म्हणून कुरकुरतो. ई-६बी कधी कुरकुरत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलातल्या फिलिप डाल्टननं घडवलेली ही वैमानिकांची हिशेबाची तबकडी तुम्हांला समुद्रात नेणारं उत्तरही त्याच शांतपणे देते.

तिची वाऱ्याचे हिशेब करायची बाजू घ्या. जायचंय ०९० अंशांवर, वारा ०३० कडून २० नॉट (म्हणजे ताशी २० सागरी मैल), विमानाचा हवेतला वेग १०० नॉट. आधी ०३० हा आकडा वरच्या खुणेखाली आणायचा आणि मधल्या भोकापासून वर २० मोजून पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. मग ०९० खुणेखाली फिरवायचं. ठिपका डावीकडे झुकतो. आता ठिपका १०० च्या कमानीवर येईपर्यंत तबकडीखालची पट्टी सरकवायची. भोकाखाली जमिनीवरचा वेग दिसतो, साधारण ८८ नॉट, आणि ठिपका १० अंश डावीकडे. म्हणजे विमानाचं नाक ०८० वर.

इथवर सगळं सोपं. पण वारा 'कुठून' येतो हे सांगायची पद्धत आहे आणि आपलं मन हटकून 'कुठे' जातो याचा विचार करतं. ठिपका भोकाच्या वर न पडता खाली पडतो. तबकडी हूं की चूं करत नाही. नाक १०० वर, वेग १०८ नॉट, मुक्काम ६५ सागरी मैलांवर असेल तर ३६ मिनिटांत! वाचून आनंदच होतो. ३६ मिनिटांनी खाली पाहावं तर मुक्काम अजून १२ मैल पुढे आणि २१ मैल डावीकडे.

दुसरी गंमत दिशांची. हवामानाच्या अंदाजातला वारा भौगोलिक उत्तरेवरून मोजलेला, विमानतळाच्या टॉवरनं सांगितलेला चुंबकीय उत्तरेवरून आणि होकायंत्रही चुंबकीयच. म्हणून शेवटी चुंबकीय विचलन (या दोन उत्तर दिशांमधला फरक) पश्चिमेचं असेल तर मिळवायचं, पूर्वेचं असेल तर वजा करायचं. हे पाठ असतं. पाठ असलेलं ऐन वेळी उलटं आठवतं, एवढंच.

तबकडीच्या दुसऱ्या, गुणाकार-भागाकार करणाऱ्या गोल सरकपट्टीच्या बाजूला तर दशांशचिन्हच नाही. ६० चा बाण ८८ खाली लावा, बाहेरच्या कड्यावर ६५ शोधा, आतल्यावर ४४ च्या जरासं पुढे वाचा. मिनिटं ४४ की ४.४, ते आपण ठरवायचं. त्याच्या खालच्या तासांच्या कड्यावर त्याच जागी ७:२० च्या आसपासही लिहिलेलं असतं. इंधन ताशी ३० लिटर धरलं तर २२ लिटर लागतील की २२०, हेही तिला विचारू नये. माझं मत असं, की आधी डोक्यात ढोबळ हिशेब मांडायचा आणि मगच चाक फिरवायचं. निम्म्याहून जास्त चुका तिथेच पकडल्या जातात.

उरलेल्या चुका आदल्या उड्डाणाच्या ठिपक्यामुळे होतात. तो पुसलेला नसतो. एक हात कंट्रोलवर, मांडीवर नकाशा आणि तबकडीवर दोन ठिपके. दोन्ही सारखेच काळे, दोन्ही तितकेच खात्रीचे. खोडायला रबर शोधावं तर ते सीटखाली, मघाशी घरंगळलेल्या पेन्सिलीशेजारी.