गेममधले प्राणी पोरांना पाठ आहेत, मग कढीपत्त्यावरची अळी का नाही?

पोस्ट मोठी आहे, पण घरात गेम खेळणारं पोरगं असेल तर शेवटपर्यंत वाचा प्लीज.

२०२१ मध्ये इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठ आणि ट्रुरो अँड पेनविथ कॉलेजच्या लोकांनी एक भारी अभ्यास केला. ५८६ जणांना उत्तर अमेरिकेतल्या १५ प्राण्यांचे फोटो दाखवले आणि नावं विचारली, बस्स. त्यातल्या ज्यांनी रेड डेड रिडेम्प्शन २ हा गेम खेळला होता त्यांना सरासरी १० प्राणी ओळखता आले, न खेळलेल्यांना ७. आणि त्याच्या ऑनलाइन भागात नॅचरलिस्टचा (निसर्ग अभ्यासकाचा) रोल असतो, तो घेतलेल्यांचे अजून जास्त बरोबर आले. आता हा गेम काही शैक्षणिक वगैरे नाहीये हां, १८९९ ची अमेरिका, दरोडेखोरांची टोळी, घोडे, बंदुका असा सगळा मामला. पण बनवणाऱ्यांनी त्या जंगलावर इतकी मेहनत घेतलीये, जवळजवळ २०० जातींचे प्राणी-पक्षी-मासे टाकलेत, आणि नुसते शोभेला नाही टाकले, प्रत्येकाची चाल वेगळी, कोण पळून जाणार आणि कोण अंगावर येणार हेही वेगळं.

मला वाटतं खरी मेख इथेच आहे. गेममध्ये अस्वल कुठलं हे नाही ओळखलं तर तुमचं कॅरेक्टर मरतं. म्हणजे ओळखण्याला काहीतरी किंमत आहे. नाव पाठ करून पेपरात लिहायचं नाहीये, ते माहीत असल्यामुळे पुढची पाच मिनिटं बदलतात. डोकं असं शिकलेलं विसरत नाही.

त्याच गेममधली अजून एक गोष्ट तर मला फार आवडते. त्यात कॅरोलिना पॅराकीट नावाचे पोपट आहेत, पिवळं डोकं, हिरवं अंग. बाकीचे प्राणी मारले तरी परत येत राहतात, हे पोपट मात्र मोजकेच ठेवलेत, तुम्ही सगळे मारलेत की त्या जगातून कायमचे संपले, मग कितीही तास खेळा, दिसणार नाहीत. आणि हे खरंच झालेलं आहे! हा अमेरिकेतला खराखुरा पोपट होता, पिंजऱ्यातला शेवटचा, इन्कास नावाचा नर, २१ फेब्रुवारी १९१८ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याच प्राणिसंग्रहालयात १९१४ मध्ये मार्था नावाची शेवटची पॅसेंजर पिजन (कबुतराची एक जात) मेली होती. ‘नामशेष’ या विषयावर आपण शाळेत निबंध लिहितो, पण स्वतःच्या हाताने शेवटचा पोपट मारला आणि नंतर ते झाड रिकामं दिसलं की पोटात जे होतं ना, ते निबंधाने होत नाही.

पोकेमॉनचं तर मूळच किड्यांत आहे, हे किती जणांना माहीत असेल? सातोशी ताजिरी, ज्यांच्या डोक्यातून पोकेमॉन आलं, ते टोकियोजवळच्या माचिदामध्ये वाढले, लहानपणी किडे गोळा करायचा प्रचंड नाद, पोरं त्यांना डॉक्टर बग म्हणायची. मग शहर वाढलं, शेतं तळी गेली, किडे गेले. पुढच्या मुलांना किडे पकडण्याची ती मजा मिळावी म्हणून त्यांनी १९९६ मध्ये १५१ काल्पनिक प्राण्यांचा गेम आणला. आणि मग २००२ मध्ये केंब्रिजच्या अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या शाळेतल्या मुलांना कार्डं दाखवली, काहींवर पोकेमॉन, काहींवर तिथलेच खरे प्राणी आणि झाडं. आठ वर्षांच्या मुलांना जवळजवळ ८० टक्के पोकेमॉन ओळखता आले आणि ओकचं झाड, बॅजर असल्या खऱ्या गोष्टी मात्र जेमतेम निम्म्याच.

हा आकडा लोक ‘बघा मोबाइल-गेमने पोरं बिघडली’ म्हणून सांगतात. मला तो बरोबर उलटा वाटतो. आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात शेकडो जीव, त्यांचे रंग, सवयी, कोण कशात बदलतो हे सगळं आरामात मावतं, असं तो आकडा सांगतोय. भूक आहेच. आपण वाढतोय काय? भिंतीवरचा तोच तक्ता, सिंह झेब्रा जिराफ. शेकरू आपला राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, ब्लू मॉरमॉन आपलं राज्य फुलपाखरू, आणि २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. यातलं किती आपल्या घरातल्या मोठ्यांना ओळखता येतं? पोरांवर राग काढण्याआधी हे स्वतःला विचारा ना.

आणि ओळखण्याला किंमत असलेल्या गोष्टी आपल्याकडे काय कमी आहेत का? मण्यार आणि कवड्या हे दोन साप घ्या. दोघेही काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे, दोघेही रात्री फिरणारे, दोघेही घरात शिरतात. मण्यार भयंकर विषारी, झोपेत चावली तर बऱ्याचदा कळतही नाही इतकं कमी दुखतं. कवड्या बिनविषारी, पाली खाऊन जगतो. मण्यारीचे पट्टे बहुतेक जोडीजोडीने असतात, शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे येता येता पुसट होत जातात. कवड्याचं उलटं, मानेपासूनच पट्टे सुरू, पुढे ठळक, शेपटीकडे पुसट. एवढा फरक माहीत नसल्यामुळे किती कवडे काठीखाली जातात. (खरा साप दिसला तर जवळ जाऊन पट्टे बघत बसायचं नाही, लांब राहायचं आणि सर्पमित्राला फोन, हे आधीच सांगते.) फोटोंवर मात्र मुलांसोबत हा खेळ जरूर खेळा, दहा वर्षांची पोरं आपल्यापेक्षा फास्ट शिकतात.

अजून एक, हे तर गेमर पोरांना सांगितलं की डोळे चमकतात. कॉमन मॉरमॉन नावाचं काळं फुलपाखरू, कढीपत्त्यावर, लिंबावर अंडी घालतं, म्हणजे बाल्कनीतल्या कुंडीवरसुद्धा येतं. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, आणि डिवचलं की डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढून घाण वास सोडते. पण खरी गंमत मादीची. काही माद्या नरासारख्या दिसतात, काही कॉमन रोजसारख्या, काही क्रिमसन रोजसारख्या. ही दोन्ही रोज फुलपाखरं विषारी, पक्षी त्यांना खात नाहीत, म्हणून ही बिनविषारी मादी त्यांचं स्किन (गेममध्ये कॅरेक्टरला चढवतात तो वेश) घालून फिरते! अगदी स्किनच. आणि हे स्किन कुठलं हे डबलसेक्स नावाच्या एकाच जीनवरून ठरतं, हे २०१४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं, त्या संशोधनात बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेचे कृष्णमेघ कुंटे होते, आपला मराठी माणूस. त्यातही बॅलन्सिंग आहे, नकली फार वाढले तर पक्ष्यांना कळायला लागतं की हे खाल्लं तर काही होत नाही, मग स्किनचा फायदाच कमी होतो. कुठल्या डेव्हलपरने हे बनवलं असतं तर आपण त्याला डोक्यावर घेतलं असतं.

पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप कधी ऐकलाय का? ‘आज लायफर मिळाला’ म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी, मग ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर लिस्ट टाकायची, कोणाची किती झाली बघायचं. पोकेडेक्स (पोकेमॉनमधली पकडलेल्या प्राण्यांची यादी) भरणं आणि हे यात मला काडीचा फरक दिसत नाही, फक्त इथे त्या लिस्टचा पुढे शास्त्रज्ञांना उपयोग होतो.

हे मान्य की गेममध्ये जळवा चिकटत नाहीत आणि तीन तास बसून काहीच दिसलं नाही असंही होत नाही. खऱ्या जंगलाला धीर लागतो, तो गेम देत नाही. पण दार तर उघडतो ना.

म्हणून माझं म्हणणं गेम डेव्हलपर लोकांना आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये राजी नावाचा गेम आणला, आपल्या पुराणांवरचा, जगभर खेळला गेला, म्हणजे इथे बसून बनवता येतं हे सिद्ध झालंय. आता कोणीतरी सह्याद्री बनवा. भीमाशंकरचं शेकरू शोधायचं, ते एकाच झाडावर नाही तर बऱ्याच झाडांवर घरटी बांधतं त्यातलं वापरातलं कुठलं ते ओळखायचं, मण्यार की कवड्या हे टॉर्चच्या उजेडात दोन सेकंदांत ठरवायचं, पहिल्या पावसात कासच्या पठारावर काय काय उगवतं त्याची नोंद करायची, आणि मारणं नाहीच, फक्त बघणं आणि ओळखणं. नावं मराठीत ठेवा, आवाज खरे रेकॉर्ड केलेले घाला. आपल्याकडे कोणी असं काही करत असेल तर कमेंटमध्ये सांगा, पक्ष्यांची यादी करून द्यायला आणि टेस्टिंग करायला मी फुकट यायला तयार आहे.